शंखोबांची हिरवीगार काच

"आज संध्याकाळपर्यंत सगळा विभाग माझ्या खोलीत येतो की नाही, बघच तू!" शंखोबांनी छातीठोकपणे सांगितलं. ऐकायला पेटीतली गोगलगाय होती. तिनं शिंगं आत ओढून घेतली.

गोगलगायींच्या मज्जापेशी रंगवता रंगवता केस पिकले, म्हणून विभागानं त्यांच्या पाठीमागे हे नाव ठेवलेलं. त्यांची सूक्ष्मदर्शकाची अंधारी खोली तळघरात. चहाला बोलवायलासुद्धा कुणी तिथवर उतरत नसे. घरी गेल्यावर कुलूप उघडायचं तेही आपणच, दिवा लावायचा तोही आपणच. माणसानं बोलायचं तरी कुणाशी?

काम मात्र देखणं! आतड्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा. सेरोटोनिन हे रसायन असलेल्या मज्जापेशींना हुडकून चिकटणारं प्रतिपिंड आधी लावायचं, मग त्याला चिकटणारं, हिरवा रंग घेऊन आलेलं दुसरं. निळ्या उजेडात तेवढ्याच पेशी हिरव्या उजळतात. एक काच मुद्दाम पहिल्या प्रतिपिंडाशिवाय ठेवायची, तिला कंट्रोल म्हणायचं. ती काळीच राहिली पाहिजे. तीही उजळली, तर बाकीच्या काचांचं काही खरं नाही.

दुपारी शंखोबांनी हाताला लागली ती काच लावली, डोळा टेकवला आणि उडालेच. अख्खं आतडं हिरवंगार! धापा टाकत ते जिना चढले.

"सर, काय झालं? आग लागली का?" माशांवर काम करणाऱ्या सरांनी विचारलं.

"मज्जापेशी! ढिगानं! चला, चला लवकर!"

बातमी त्यांच्याही पुढे धावली. पहिल्या मजल्यावर ती 'नवीन मज्जातंतू' होती, ग्रंथालयात पोचेपर्यंत "गोगलगायीला दुसरा मेंदू सापडला म्हणे!" झाली. बघता बघता तळघरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"माझ्या पायावर कोण उभंय?"

"मीच. अहो, पण सरकू कुठे?"

"बाई गं, काय सुंदर दिसतंय!"

शंखोबा घामाघूम झाले होते आणि लाजत होते. इतकी माणसं इतक्या जवळ कितीतरी दिवसांत आली नव्हती. पेशी गेल्या खड्ड्यात, ही गर्दी अशीच राहावी, असं त्यांना मनापासून वाटलं.

विभागप्रमुख मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. "कमाल केलीत सर! मी संचालकांनाच घेऊन येते. कंट्रोल काळी आहे ना?"

"म्हणजे काय! दाखवतो ना!"

त्यांनी काच काढली, बॅटरीच्या उजेडात कडेचं लेबल पाहिलं आणि पुन्हा एकदा जवळ धरून वाचलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कंट्रोल'. रंग भलतीकडे चिकटू नये म्हणून काप आधी सीरममध्ये भिजवतात; सकाळी गोगलगायीशी गप्पांच्या नादात तेच राहून गेलं होतं! मग काय, रंग मिळेल तिथं चिकटला होता.

अंधारात ते लेबल कुणालाच दिसलं नव्हतं. गप्प बसले असते, तर संचालकही आले असते, उद्या आणखी चार माणसं आली असती. त्यांनी काच मॅडमपुढे धरली.

"मॅडम, थांबा. हीच कंट्रोल आहे."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं. "होतं असं कधीकधी," दुसरं कुणीतरी. मग जिन्यावर नुसती पावलं वाजत राहिली.

पण कोपऱ्यातल्या खुर्चीत एक पांढरी आकृती तशीच बसलेली होती. शंखोबा तिच्याकडे वळले.

"तुम्ही तरी थांबलात! बरं वाटलं हो," ते म्हणाले. मग त्यांनी सीरमची पायरी समजावली, चूक सांगितली, आणि ओघात घरी किती सुनं वाटतं तेही बोलून टाकलं. इतकं शांतपणे त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

चहा विचारायला म्हणून त्यांनी दिवा लावला. खुर्चीच्या पाठीवर एप्रन होता.

ते खजील झाले, पण क्षणभरच. ज्याचा असेल तो न्यायला येईलच की! त्यांनी एप्रनची नीट घडी घातली, दोन कप विसळले आणि दार सताड उघडं ठेवून बसले.

विभाग बंद व्हायच्या वेळी ते घरी निघाले आणि आपला एप्रन काढायला त्यांनी गळ्यापाशी हात नेला. तिथं नुसता शर्ट होता.