झोपलेली जागा

बिरूमामा कुणाच्याही घरी गेले की आधी खोली मोजायचे आणि मग पाणी प्यायचे. पायताण उंबऱ्याबाहेर काढायचं, काठी कोपऱ्यात टेकवायची आणि टाचेला अंगठा भिडवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. घरची बाई तांब्या घेऊन तशीच उभी. मामा आकडा तोंडात धरून पुन्हा आडवं मोजायचे, मग तांब्या घ्यायचे आणि घरधन्याला सांगायचे, "जागा लय हाय तुमच्याकडं. निसती झोपलीया. उठवाय पायजे."

आमच्या नात्यातलं एक लग्न यावरून मोडता मोडता राहिलं. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींत मामा होते. पोहे आले, मुलगी आली, खाली मान घालून बसली, आणि मामा तिच्या पाटामागून पावलं मोजत निघाले. मुलीच्या बापाला वाटलं, ही माणसं हुंड्यात घर लिहून मागणार. त्याची समजूत घालता घालता मंडळींना संध्याकाळ झाली. मामांचं मात्र तिथल्या कणगीकडे लक्ष होतं. ती दोन हात डावीकडे सरकवली तर चार माणसं जेवायला बसतील, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आम्ही जतकडचे, मेंढरंवाले. मामांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. पीठ, भांडी, घोंगडी, कोंबड्या, एखादं तान्हं पोर, असा सगळा संसार एका घोड्यावर. त्यामुळे चार भिंतींच्या आत राहणारा माणूस जागा नाही म्हणून कुरकुरतो, हे मामांच्या डोक्यातच शिरायचं नाही. "घोड्याच्या पाठीवर कितीशी जागा असतीया रं? तरी उरायची," ते म्हणायचे. पुढे मेंढरं विकली, मिरजेत एका लाकडाच्या वखारीत चार वर्षं काढली, तिथं करवत आणि रंधा हाताला बसला. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माझे वडील वारल्यावर आई मला कडेवर घेऊन माहेरी आली, तेव्हापासून बहीण-भाऊ एका घरात. मला शाळेत घातलं ते मामांनीच.

एवढं सगळं सांगितलं ते पुढचं सांगणं जड जातंय म्हणून.

मी सांगलीत एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, लग्न झालं, विश्रामबागेत भाड्याची जागा घेतली. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला बेडरूम. हा शब्द घरमालकाचा. नऊ फूट बाय आठ फूट. तीत सासरहून आलेला डबल बेड, ड्रेसिंग टेबल, लोखंडी कपाट, शिलाई मशीन आणि आम्ही दोघं. कपाट उघडायचं तर बेडवर चढून उघडावं लागे. खोलीला घरमालकानं गडद हिरवा ऑइलपेंट मारलेला होता, म्हणजे दिवसाही विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं.

आईला मी तीन वर्षं पत्रातून कळवत होतो, "जागा लहान आहे. मोठी बघतोय. मिळाली की तुला घेऊन जातो." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. मोठी जागा मी कधी बघितली नाही. आईची मला लाज वाटत होती, हे खरं कारण. तिची मिश्री, तिचं दारात पाय पसरून बसणं, कचेरीतल्या कुणाच्याही बायकोला "काय करतीयास गं" म्हणणं. सुनंदा, माझी बायको, साताऱ्याची. तिला मी आईबद्दल कधी विचारलंच नाही. गावात कुणी छेडलं तर "बायकोला अडचण होते" असं मात्र सांगून मोकळा होत असे. तिला हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या उन्हाळ्यात आई टँकरच्या गर्दीत पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी पत्र पाठवलं. काळजी घे, औषध घे, जागेचं बघतोयच. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि चौथ्या दिवशी खांद्यावर हत्यारांचं पोतं टाकून ते माझ्या दारात उभे राहिले.

"अक्काचं हितं यायचं निसतं जागंपायी अडलंय म्हणं," ते म्हणाले. "मग मला आधीच का न्हाई बलावलंस?"

दुसरा कुणी असता तर मला वाटलं असतं की टोमणा मारतोय. मामा टोमणा मारणारे नव्हते. भाच्यानं लिहिलंय जागा नाही, म्हणजे जागा नाही. जागा काढली की काम झालं. त्यांनी खोली मोजली, पाणी प्यायले आणि कामाला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरची सात कॅलेंडरं उतरवली. एवढ्या तारखांचं काय करता, असं सुनंदाला विचारून तिच्या हातात एक ठेवलं. मग ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून खिडकीसमोरच्या भिंतीला ठोकला, त्यात बाहेरचं लिंबाचं झाड दिसायला लागलं. खोलीला पांढऱ्यात निळीचं एक बोट मिसळून रंग दिला. दार आत उघडून जागा खायचं, ते बाहेर उघडेल असं फिरवलं. पहिल्याच सकाळी त्या दारानं माझ्या हातातला चहा अंगावर सांडला. पडद्याची दांडी खिडकीवरून काढून पार छतापाशी नेली. कपाट, मशीन, ट्रंका, सगळ्यांना एकामागून एक जागेवरून उठवलं. मामांचा नियम एकच होता. "भुई दिसली पायजे. मेंढरू बी रान दिसलं की गप ऱ्हातंय. माणसाचं तसंच हाय."

सुनंदा आधी बावरली, मग दोन दिवसांत त्यांची शागीर्द झाली. मी कचेरीतून यायचो तेव्हा ही दोघं जमिनीवर उकिडवी बसून खडूनं रेघा मारत असायची. मी हातपाय धुऊन वर्तमानपत्र उघडायचो. मनात एकच चालायचं, की हे जमू नये. फळी पडावी, भिंत ओली निघावी, घरमालकानं येऊन भांडावं. घरमालक आला, आरशात झाड बघून गेला आणि आपल्या खोलीतलं कपाट कुठं ठेवू म्हणून मामांना विचारायला परत आला.

रविवारी दुपारी जेवून मी जरा आडवा झालो. जाग आली तर मामा माझ्या पायाशी टेप धरून उभे.

"दत्ता, तुमी दोघं बी बुटकी हायसा," ते गंभीरपणे म्हणाले. "सूनबाईलाबी इचारून घेतलं. ह्यो पलंग दीड फूट रोज रिकामाच झोपतोय."

मी हसलो आणि कूस बदलली. सोमवारी कचेरीतून आलो तेव्हा सासऱ्यांनी दिलेला डबल बेड दीड फूट आखूड झालेला होता. गादीसुद्धा कापून दाभणानं शिवून ठेवली होती. माझा आवाज चढला. मामा शांतपणे म्हणाले, "झोपून बग की. पाय भाईर आलं तर परत जोडतो." मी झोपून बघितलं. पाय बाहेर आले नाहीत. त्या वेळी मला आपल्या उंचीचा मनस्वी राग आला.

कापलेलं लाकूड मामांनी टाकलं नाही. त्यात वखारीतून आणलेल्या दोन फळ्या घालून ते खिडकीखाली काहीतरी जुळवायला बसले.

अशात एक दिवस आमचे हेडक्लार्क सपत्नीक आले. मामा धोतर खोचून, उघड्या अंगानं, भुशानं माखलेले, दारातच रंधा मारत बसले होते. हेडक्लार्कांनी विचारलं, "हे कोण?"

"सुतार आहे," मी म्हणालो. "गावाकडचा. काम बरं करतो."

मामांचा रंधा थांबला. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभी होती, ती तशीच माघारी वळली. मामा उठले, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाले, "साहेब, एक फळी ऱ्हायलीया. उद्याच्याला लावली तर चालंल का?"

मी "चालेल" म्हणालो. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

त्यांनी राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं. हेडक्लार्कांच्या बायकोला खोली इतकी आवडली की मामा दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन त्यांचीही एक खोली मोजून, दोन फळ्या ठोकून आले. मी कोण, ते कोण, यातलं अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "मानूस भला हाय तुजा साहेब. पर जागा लय झोपलीया त्याच्याकडं." माझ्याशी सुनंदा दोन दिवस बोलली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. खिडकीखाली भिंतीला एक फळी लावल्यासारखी दिसत होती. मामांनी कडी काढली, फळी खाली आली, तिचे दोन पाय आपोआप सुटून जमिनीला टेकले, आणि एक अरुंद खाट तयार झाली. कडेला उतरताना धरायला एक दांडी होती, आणि ती डाव्या हाताशी येईल अशी लावली होती, कारण आईचं उजवं मनगट मोडलं होतं. बेड जागेवर, कपाट जागेवर, आणि तरी मधून दोन माणसं चालतील एवढी भुई मोकळी. खोली खरोखर मोठी झाली होती. मी भिंतीकडून भिंतीकडे बघत राहिलो आणि आईला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

त्या खाटेवर आई पुढं आठ वर्षं झोपली, हे आत्ताच सांगून टाकतो. त्यात माझी काही फुशारकी नाही. हेडक्लार्कांची बायको तिच्याकडे मिश्री मागायला यायची.

त्या सकाळी मात्र आई अजून गावी होती आणि दुपारच्या एसटीनं मी आणि मामा तिला आणायला निघणार होतो. मामा खाली बसून हातानं भुसा गोळा करत होते. सुनंदानं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "मामा, आई इकडं आल्यावर तिकडं तुमच्या जेवणाखाणाचं कसं?"

मी तो विचार केलाच नव्हता. बारा दिवस मी स्वतःची सुटका शोधत होतो. हा माणूस मात्र बारा दिवस करवत चालवत होता ती घरातलं आपलं एकुलतं एक माणूस माझ्याकडे पाठवायला.

"माजं काय," मामा म्हणाले. "भाकरी थापतो की मी. अक्का न्हाई म्हंजे घर लय मोठं वाटंल, येवडंच." आणि भुशाची मूठ पोत्यात टाकली.

"मग तुम्हीही इकडंच या," सुनंदा लगेच म्हणाली. "बाहेरच्या खोलीत झोपा. काय अडचण आहे?"

मामांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात पोत्याच्या तोंडावर तसाच राहिला. बाहेरच्या खोलीत कचेरीतली माणसं येतात, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मी खाटेपाशी वाकलो आणि ती एकदा वर उचलून पुन्हा खाली केली.

"बिजागरी चांगली बसलीय," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले. "पावसाळ्यात तेवडं तेल देत जा."