बिनकिल्लीच्या गाडीच्या दोन किल्ल्या

"यम्मा, खिसे शिवलेले आहेत!"

रिदा नव्या सुटात आरशासमोर उभा राहून मांड्यांवर हात चापटत होता. शिंप्याने खिशांची तोंडं टाके घालून बंदच ठेवली होती आणि ही गोष्ट रिदाला नेमकी निघायच्या वेळी कळली होती.

"मग राहू देत शिवलेले," त्याची आई म्हणाली. गल्लीत सगळे तिला आदराने लल्ला शादलिया म्हणत. "खिसाच नसला तर तुझ्याकडून हरवेल काय? फोन, अंगठी, बकलाव्याच्या मिठाईचा डबा, सगळं गाडीच्या डिकीत टाक. आणि किल्ली दे इकडे."

किल्ली म्हणायची ती आपली जुन्या सवयीने. रिदाने वसंतात मोठी स्कूटर घेतली होती, तिला किल्ली लावायला भोकच नव्हतं. खजुराएवढी एक काळी डबी जवळ बाळगायची, गाडीचं बटण दाबायचं, की गाडी सुरू. डबी लांब गेली की गाडी ओळख दाखवत नाही. शादलियाला हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. जी फिरत नाही ती किल्ली कसली? पण तिच्या घरात किल्ली म्हटलं की ती तिच्याकडेच राहायची, मग ती कपाटाची असो, गच्चीची असो, नाहीतर या खजुराची. दुकानदाराने दोन डब्या दिल्या होत्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा म्हणून बजावलं होतं. शादलियाने दोन्ही एकाच रुमालात बांधल्या. "दोन ठिकाणी ठेवल्या तर दोन ठिकाणी शोधाव्या लागतील," ती म्हणाली.

आताही तिने रुमालाची गाठ आवळली, तो पोशाखाच्या आत छातीशी खोचला आणि वरून पांढरी चादर लपेटून घेतली. आज तिला कुणाशी भांडायचं नव्हतं. आज तिच्या मनात नुसतं शुक्र मानणं चाललं होतं. रिदा एक्केचाळीस वर्षांचा. मागे एकदा त्याचं ठरत आलं होतं, तेव्हा हा गृहस्थ मुलीच्या घरातून "सरबताची बाटली आणतो" म्हणून उठला तो थेट बोटीने जेर्बा बेटावर मावसभावाकडे उगवला. त्यानंतर स्फाक्स शहरातल्या मुलीच्या आयांनी शादलियाला सलाम करणंसुद्धा रस्त्याच्या पलीकडून सुरू केलं. आणि आता पडदे आखूड करून घ्यायला म्हणून हा नझीहाच्या शिवणाच्या दुकानात गेला, आणि चार पडदे त्याने चार वेगवेगळ्या खेपांना नेले. मग एक दिवस जेवताना मान खाली घालून म्हणाला, "यम्मा, तू जाऊन विचारशील का?" शादलियाने आधी अल्लाचे आभार मानले, मग पडद्यांचे.

नझीहाच्या दाराशी गाडी थांबली. शादलिया उतरली आणि आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या आहेत ना, हे तिने आधी बघून घेतलं.

"फुलं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"फुलं तू सांगितलीच नाहीस."

"मुलगी मागायला जाताना फुलं आणायची हेही सांगू? जा, वेशीपाशी मोगऱ्याचे गुच्छ मिळतात. एक मुलीला, एक तिच्या आईला. कळ्या मिटलेल्या बघून घे." तिने त्याच्या मुठीत पैसे कोंबले.

"गाडी चालूच आहे. हा गेलो नि हा आलो."

तो निघाला. गाडीने टूं टूं करून बोंब मारली, डबी मागे राहिली म्हणून. पण जन्मभर कुणी ना कुणी ओरडतच आल्यामुळे रिदाने ते मनावर घेतलं नाही. आणि अशा गाड्यांचं असं असतं, एकदा सुरू झाल्या की बंद करेपर्यंत धावतात.

वर दिवाणखान्यात सगळी जय्यत तयारी होती. नझीहाची आई आम्ना, अबोल बाई, चहात बदाम घालून बसली होती. तिची थोरली बहीण महर्झिया, जी दोघींच्या वाटचं बोलायची. आणि मामा तौफीक, आदराने सी तौफीक, ज्यांनी फातिहा पढून लग्न पक्कं करायचं होतं. ते तेवढ्यासाठीच आले होते आणि तेवढ्यासाठीच बसले होते.

पहिला चहा झाला. दुसरा झाला. तिसरा निवला.

"लल्ला शादलिया," महर्झिया म्हणाली, "मुलगा फुलं आणायला गेलाय की रोप लावायला?"

"माझा मुलगा निवडून घेतो," शादलिया म्हणाली. "पहिलं दिसेल ते उचलायची आमच्यात पद्धत नाही."

"आमच्यात गेलेला माणूस घरी परत यायची पद्धत आहे."

शादलियाने फोन लावला. पलीकडे वाजत राहिला, कुणी उचलेना. फोन आपणच डिकीत टाकायला लावलाय, हे तिला आठवलंच नाही. वाजतोय म्हणजे पोरगा जिवंत आहे. उचलत नाही म्हणजे जेर्बाच्या बोटीत आहे. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिचा हात आपोआप छातीवर गेला आणि ती तिथेच दाबून धरून बसली. या अल्ला, ही मुलगी हातची घालवू नकोस. याच्यानंतर याला कुणी विचारणार नाही. मी मेल्यावर हा शिवलेले खिसे घेऊन एकटा फिरेल.

"काही होतंय का?" आम्ना प्रथमच बोलली.

"काही नाही. हात ठेवला की बरं वाटतं."

"अगंबाई, हिचं हृदय बघा!" महर्झिया उठलीच. तिने नारंगीच्या फुलांच्या पाण्याची बाटली आणून शादलियाच्या तोंडावर सपकारा मारला. शादलिया दचकली आणि तिने छाती आणखी घट्ट दाबली. ती जितकी दाबायची तितकं महर्झिया पाणी मारायची.

"मी हात वर करू का खाली ठेवू?" सी तौफीकनी विचारलं. त्यांचे हात दुआसाठी केव्हाचे अर्धवट उचललेले होते.

"ठेवा खाली," महर्झिया म्हणाली. "आमच्या मुलीला काही कमी नाहीये, म्हणावं..."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि नझीहा बाहेर आली. बोलावल्याशिवाय मुलीने बाहेर यायचं नसतं, पण ती आली, कानाशी फोन धरून, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"लल्ला," ती म्हणाली, "गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे का?"

शादलियाचा छातीवरचा हात तिथेच थिजला.

"रिदा फुलवाल्याकडे अडकलाय. गाडी बंद केली, ती आता सुरूच होत नाही. डिकीही उघडत नाही. फोन डिकीत, अंगठी डिकीत. अंगठी सोडून गाडीपासून हलायची त्याची हिंमत नाही. फुलवाल्याच्या फोनवरून बोलतोय."

"जिवंत आहे!" शादलिया म्हणाली. "इथेच आहे! शुक्र आहे, शुक्र आहे!" आणि मग तिच्या ध्यानात आलं. "पण मग मला का नाही फोन केला त्याने?"

"तुमचा नंबर पाठ नाही म्हणतो."

"आणि तुझा आहे?"

नझीहाने फरशीकडे बघितलं. महर्झियाने बाटलीला बूच लावलं.

शादलियाला एक कळ आली, हे खरं. पण ती आली तशी गेली. ज्या पोराला स्वतःच्या बुटाचं माप सांगता येत नाही, त्याने या मुलीचा आठ आकडी नंबर पाठ केला होता. पळून जायचं मनात असलेला माणूस असं करत नाही. तिचे डोळे भरून आले, पण नारंगीच्या पाण्याने तिचं तोंड आधीच ओलं होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

तिने रुमाल बाहेर काढला, गाठ सोडली. नझीहाने पहिली डबी हातात घेऊन बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही.

"सेल गेलाय. बटण सारखं दाबलेलं राहिलं की उतरतो."

सगळ्यांनी शादलियाच्या छातीकडे बघितलं आणि मग सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

"दुसरी आहे ना," महर्झिया म्हणाली. "दोन ठेवल्यात त्या याचसाठी."

नझीहाने दुसरी डबी उघडली. आत सेलची जागा होती, सेल नव्हता.

सगळ्यांनी रिकाम्या डबीत डोकावून पाहिलं. सी तौफीकसुद्धा पुढे वाकले.

"तो वजनकाट्यात आहे," शादलिया शेवटी म्हणाली. मान तिने ताठच ठेवली होती. "आमच्या स्वयंपाकघरातल्या. काटा बंद पडला होता, बकलाव्याचे बदाम तोलायचे होते. ही डबी नुसती पडून होती, मग सेलही नुसताच पडून. घरात काही नुसतं पडून राहिलेलं मला बघवत नाही. यात काय चुकलं?"

ती टोमण्याची वाट बघत बसली. टोमणा आला नाही. आम्ना, ती अबोल बाई, हळूच म्हणाली, "माझ्या काट्यातला सेल थोरल्या जावयाच्या गराजच्या रिमोटमधला आहे. त्याला अजून कळलेलं नाही. बिचारा रोज उतरून हाताने दार उघडतो."

आधी महर्झियाच फुटली. मग आम्ना. मग शादलिया अशी हसली की तिला खरंच छातीवर हात धरावा लागला आणि महर्झियाचा हात पुन्हा बाटलीकडे गेला. नझीहा धावत स्वयंपाकघरात गेली, काटा पालथा करून केसातल्या पिनेने सेल उपसून काढला आणि डबीत बसवला. दिवा लागला. मग तिने डबीची कड ओढली, तर आतून एक छोटी लोखंडी किल्ली बाहेर आली.

"आणि हे नाही जमलं, तर निदान डिकी हिने उघडेल."

"म्हणजे आत खरीखुरी किल्ली होती?" शादलिया संतापली. "इतके महिने मी तिला किल्ली मानत नव्हते, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

नझीहाने चपला घातल्या, स्वतःच्या मोपेडची किल्ली खुंटीवरून घेतली.

"अगं, तू कुठे?" महर्झिया ओरडली. "फातिहाच्या आधी मुलगी नवऱ्याला आणायला जाणार? गल्ली काय म्हणेल?"

उत्तर आम्नाने द्यायचं होतं, पण दिलं शादलियाने. "गल्ली म्हणेल, या घरात एकीला तरी अक्कल आहे. माझा मुलगा इतकी वर्षं कुणीतरी येऊन घेऊन जाईल म्हणूनच थांबलाय. जा पोरी. सावकाश जा."

थोड्या वेळाने खाली दोन गाड्यांचे आवाज आले. खिडक्या सगळ्या उघड्याच होत्या. पुढे नझीहाची मोपेड, मागे तिच्या वेगाने चालणारी रिदाची मोठी स्कूटर. रिदाच्या कानामागे मोगऱ्याचा गुच्छ, हातात आणखी दोन, सुट घामाने भिजलेला. बकलाव्यातला मध उन्हाने पातळ होऊन अंगठीच्या मखमली डबीत शिरला होता. अंगठी नझीहाच्या बोटात घसरत गेली आणि तिथेच चिकटली. सी तौफीकनी एकदाचे हात वर केले.

फातिहा पढली गेली. आमीन म्हणताना शादलियाने आणखी एक वाक्य हळूच जोडलं, जे फक्त अल्लाने ऐकायचं होतं: ही मुलगी मला मागून मिळाली नसती, तू न मागता दिलीस.

मग नझीहाने दोन्ही डब्या तिच्यापुढे धरल्या. "लल्ला, एक तुमच्या घरी ठेवा, एक माझ्याकडे राहू दे. दोन्हींतही सेल घालून. आणखी एक सेल मी उद्या आणते, आईच्या काट्यासाठी."

"जावयाचा रिमोट राहिला की," आम्ना म्हणाली.

"त्याची सवय मोडू नका," शादलिया म्हणाली. तिने एक डबी उचलली, रुमालात बांधली, यावेळी कमरेशी खोचली. दुसरी तिने स्वतःच्या हाताने नझीहाच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली. घरातली कुठलीही किल्ली तिने अशी कुणाला दिली नव्हती.

"आणि मला?" रिदाने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तुला गाडी आहे ना?" शादलिया म्हणाली.

सगळ्यांचा निरोप घेऊन रिदा खाली उतरला, गाडीपाशी जाऊन उभा राहिला आणि वर खिडकीकडे बघू लागला, दोघींपैकी आधी कोण उतरतंय ते.