गादीवाल्यांचा मणका

गादीवाल्यांची पाठ धरली ती नेमकी सेलच्या पहिल्या सकाळी. दुकानात एक जोडपं आलं होतं. "झोपून बघा ना, लाजता कशाला?" असं म्हणत गादीवाले स्वतःच सगळ्यात महागड्या गादीवर आडवे झाले, आणि तिथेच राहिले. कण्यात कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली आणि अंग जागच्या जागी थिजलं.

गल्ल्यावरची बायको जवळ आली. "अहो, उठा की आता."

"येत नाहीये," ते ओठ न हलवता पुटपुटले.

"काय येत नाहीये?"

"उठता."

इकडे जोडपं भारावून गेलं. "बघ, मालकालाच उठवत नाहीये! हीच घेऊ," नवरा म्हणाला. मागून आलेल्या दोघांनीही तीच मागितली. गादीवाले घामाघूम होऊन, पडल्या पडल्या, हसतमुखानं गादीचे गुण गात राहिले. एवढा खप दुकानानं कधी पाहिला नव्हता.

एवढ्यात मेहुणा टपकला. त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर इलाज होता, फक्त रोगी हाती लागायचा अवकाश. "भाऊजी, मणका सरकलाय. एका झटक्यात बसवतो!" म्हणत त्यानं काखेत हात घालून त्यांना उचललं. गादीवाल्यांनी अशी किंकाळी फोडली की दुकान रिकामं झालं. जोडपं दारातून परत आलं ते ऑर्डर रद्द करायला. "पाठ धरणारी गादी" म्हणून रस्ताभर बोभाटा झाला.

हॉस्पिटलात ताप चढला. स्कॅनमध्ये कण्याशी पांढरा डाग दिसला. एक डॉक्टर म्हणाले, जंतू असतील. दुसरे म्हणाले, गाठही असू शकते. मेहुणासुद्धा आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

"दुकान बंद करू नकोस," गादीवाले छताकडे बघत म्हणाले.

"दुकान गेलं खड्ड्यात," बायको म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरून बसली.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. पाठ राहिली बाजूला, त्यांनी पांघरूण पायाकडून वर केलं.

"हा अंगठा कधी सुजला होता?"

"गेल्या वर्षी. बूट लहान होता."

"आणि हा?"

"त्याच्या आदल्या वर्षी. तोही बूट लहानच होता."

"तुमचा एकेक पाय आळीपाळीनं वाढतो का हो?"

रक्त तपासलं, तर युरिक अॅसिड आभाळाला भिडलेलं. खास स्कॅनमध्ये मणक्यावर हिरवे ठिपके चमकले, म्हणजे तेच अॅसिड तिथे साचल्याची खूण. सुईनं नमुना काढला, त्यात ना जंतू निघाले ना गाठ. निघाले ते बारीक टोकदार खडे.

"गाऊट," बाई म्हणाल्या. "युरिक अॅसिडचे खडे सांध्यांत साचतात, तो आजार. एरवी अंगठ्यात मुक्काम करतो, क्वचित मणक्यात जाऊन बसतो. ऑपरेशन नको. आधी सूज उतरवायची, मग युरिक अॅसिड. गोळी मनानं बंद करायची नाही. बिअर मात्र आजच बंद."

बायकोनं पदरानं डोळे पुसले. मेहुण्याला वाचा फुटली. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, मणकाच आहे!"

गोळ्या लागू पडल्या. गादीवाले उशीला टेकून बसू लागले, तसा त्यांच्यातला व्यापारीही उठून बसला.

"डॉक्टर, म्हणजे गादीचा काही दोष नाही ना?"

"मुळीच नाही."

"जरा मोठ्यानं सांगता का?"

बाई हसल्या आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यांची गादी निर्दोष आहे!"

"मालक, एक मला पाठवा," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. पलीकडे आणखी एक हात वर झाला. गादीवाले खुलले.

"आता घरी गेल्यावर नीट विश्रांती घ्या," बाई निघता निघता म्हणाल्या. "घरी कुठल्या गादीवर झोपता?"

वॉर्डानं कान टवकारले. गादीवाल्यांनी एकाएकी डोळे मिटून घेतले आणि बारीकसं घोरायलाही लागले.

"अहो, सांगा की!" बायको म्हणाली. ते सांगेनात, तेव्हा तिनंच सांगून टाकलं. "लग्न झाल्यापासून बघतेय, जमिनीवर चादर टाकून झोपतात. गादीवर त्यांना झोपच लागत नाही!"