आईने ऐकलेलं भाषण

"आज तरी बोललास का?" वासिल्काबाईंनी विचारलं, आणि रिस्तो वेल्कोवने आईची उशी नीट करायला घेतली.

तीन वर्षांपूर्वी तो खासदार झाला, तेव्हापासून हा प्रश्न दर आठवड्याला यायचा. त्याआधी मॅसिडोनियाच्या पूर्वेकडच्या ब्रेस्तोवोत तो गुरांचा डॉक्टर होता. माणूस भला, हाताला गुण, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. पक्षाने तिकीट दिलं तेही याच गुणावर, असं गावात म्हणत. संसदेच्या छापील कामकाजात तीन वर्षांत त्याच्या नावावर एकच नोंद होती: 'रिस्तो वेल्कोव (जागेवरून): बरोबर आहे.' तीही शेजारच्याने घड्याळ दाखवून वेळ बरोबर आहे का विचारलं म्हणून.

वासिल्काबाई मात्र सकाळी टीव्हीवर संसद लावायच्या, ती दिवेलागणीपर्यंत. विकासावरच्या चर्चा, कारभारावरच्या चर्चा, दुरुस्त्या, हरकती, सगळं ऐकायच्या. मोतीबिंदूमुळे माणसं धूसर दिसायची, पण कान शाबूत होते. "योग्य वेळेची वाट बघतोय तो," असं शेजारणींना सांगायच्या. गेल्या महिन्यात अंगणात पडून त्यांचा खुबा मोडला, आणि हॉस्पिटलात आल्यावर छातीचं दुखणं उपटलं. हृदय थकलंय, फार दिवस धरू नका, असं डॉक्टरांनी रिस्तोला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"माझं सोड," आई म्हणाली, "पण वॉर्डातल्या बायकांना मी सांगून बसलेय. ही स्तोयना रोज विचारते, तुमचा मुलगा नक्की संसदेतच आहे ना म्हणून."

पलीकडच्या खाटेवरची स्तोयना तंबाखूच्या कारखान्यात जन्म काढलेली बाई. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मी आपलं सहज विचारलं."

"गुरुवारी बोलतो," रिस्तो म्हणाला. शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान गरम झाले.

सोमवारी राजधानीत त्याने पक्षाच्या गटनेत्याला, ल्युप्चोला गाठलं.

"तू बोलणार?" ल्युप्चोने चष्मा काढला. "कशावर?"

"गुरुवारी जे असेल त्यावर."

गुरुवारी राष्ट्रीय विकास आराखडा आणि सुशासन यावर चर्चा होती. ल्युप्चोने कपाटातून एक छापील पान काढून दिलं. ओळी चौदा. त्यातल्या नऊ ओळींत मंत्र्यांचे आभार होते.

"यातला शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

"थोडं माझ्या मनाचं घातलं तर?"

"काय आहे तुझ्या मनात?"

रिस्तोने विचार केला. सांगण्यासारखं खरंच काही सापडेना. पान घडी करून त्याने खिशात ठेवलं.

गुरुवारी अकराला त्याचा नंबर होता. त्याने वॉर्डातल्या नादा सिस्टरला फोन करून आईला उठवून बसवायला सांगितलं. पण अकराला विरोधकांनी हरकत घेतली, हरकतीवर चर्चा झाली, चर्चेवर मतदान झालं, आणि जेवणाची सुट्टी झाली. दोनला फोन केला तेव्हा नादा वैतागली होती.

"आज्जी जेवल्या नाहीत. गोळी घेत नाहीत, झोप येते म्हणतात. तुम्ही बोलणार आहात का नाही, एकदाचं सांगा."

"चारला नक्की."

"शेजारच्या वॉर्डातल्या बायकापण येऊन बसल्यात. माझ्या खुर्च्या संपल्या."

सव्वाचारला सभापतींनी पुकारलं, "रिस्तो वेल्कोव." तो उठला, कोटाचं बटण लावलं, चार पावलं चालला. तेवढ्यात कोणीतरी सभापतींच्या कानाशी लागलं. सुट्टीआधी विरोधी बाकावरच्या नाऊमचं भाषण अर्धवट राहिलं होतं, त्याची पाच मिनिटं आधी द्यायला हवी होती. "आपण बसा," सभापती म्हणाले. रिस्तो बसला, आणि मांडीवर पान ठेवून चौदा ओळी पुन्हा घोकू लागला. नाऊम काय बोलला ते त्याच्या कानात शिरलंच नाही. शेवटी सरकारी बाकांवर आरडाओरडा झाला, कोणीतरी फाइल आपटली, आणि सभापतींनी दिवसाचं कामकाज तहकूब केलं.

अडीच तासांच्या रस्त्यात रिस्तोने आईला काय सांगायचं ते सतरा प्रकारे जुळवलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर नादा त्याची वाट बघत उभी होती.

"आत जायच्या आधी ऐका. टीव्हीवर खाली नाव तुमचं होतं. ते हललंच नाही. बोलला तो दुसराच कोणीतरी टकल्या, पण आवाज तुमच्यासारखा, बोलीपण आपल्याकडची. लांबून बायकांना चेहरा नीट दिसला नाही, त्यांनी मोठ्या अक्षरातलं नाव तेवढं मोठ्याने वाचलं आणि आज्जींनी तुम्हीच म्हणून ऐकलं."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही," नादा म्हणाली. "मला नाही जमलं. तुम्हाला जमलं तर बघा."

तो आत शिरला तेव्हा बायका खुर्च्यांवरून उठल्या. स्तोयना खाटेवर ताठ बसली होती. कोणीतरी त्याच्या हातात चीजच्या पोळीचा तुकडा ठेवला. आईने दुसरा हात धरला.

"कुठून कळलं रे तुला, पावाच्या गाडीचं?"

रिस्तो खाटेच्या कडेला बसला.

"मी तर अँब्युलन्स आली म्हणून सांगितलेलं. दोन तास वाट बघितली, कोणी येईना. मग बेकरीवाल्या पांदोने पिठाच्या पोत्यांवर निजवून आणलं. तुला कळलं असतं तर तोंड एवढंसं झालं असतं तुझं, म्हणून नाही बोलले." तिने त्याचा हात थोपटला. "आणि तू मंत्र्याच्या तोंडावर सांगितलंस, सगळ्या देशासमोर. आराखड्यात विमानतळ आहे, आणि पूर्वेकडच्या सहा गावांना मिळून एक अँब्युलन्स, तीही दुरुस्तीला."

"आई, ते मी..."

"थांब, मला बोलू दे. तीन वर्षं मी बायकांना सांगत होते की तू वेळेची वाट बघतोयस. पण मनात म्हणायचे, आपला पोरगा नुसता हात वर करायला गेलाय. मला माफ कर रे बाबा."

रिस्तोने पोळीचा तुकडा उशाशी ठेवला. खिशात चौदा ओळींचं पान होतं. नादा दारात उभी होती, ती खाली बघत होती.

"जेवून घे गं आता," तो एवढंच म्हणाला.

त्या रात्री वासिल्काबाई दोन वाट्या सूप प्यायल्या. रविवारी सकाळी नादा त्यांचे केस विंचरत असतानाच त्या गेल्या.

मंगळवारी नाऊमच्या दुरुस्तीवर मतदान होतं: विमानतळाच्या आधी पूर्वेकडच्या गावांना अँब्युलन्स. रिस्तोला सुतकाची रजा होती. तरी तो काळा शर्ट घालून आला, जागेवर बसला आणि दुरुस्तीच्या बाजूने बटण दाबलं. दुरुस्ती नऊ मतांनी पडली.

"दुःखात आहेस, बोट चुकतं," ल्युप्चो हळुवारपणे म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. "चुकून दाबलं असं लिहून दे. मिटलं."

"चुकून नाही दाबलं."

"मग कारण काय लिहू?"

"भाषण पटलं."

"त्याचं? तू त्या वेळी खाली मान घालून बसला होतास."

"नंतर वाचलं," रिस्तो म्हणाला. ते खरं होतं. छापील कामकाजातून ती दोन पानं काढून त्याने इतक्या वेळा वाचली होती की ल्युप्चोच्या चौदा ओळी डोक्यातून पुसून गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पक्षाने त्याला काढून टाकलं.

जिन्यावर नाऊमने त्याला थांबवलं. "का केलंस?"

रिस्तोने सगळं सांगितलं. तीन वर्षांत त्या इमारतीत तो सलग एवढं पहिल्यांदाच बोलला. नाऊम पायरीवर बसला आणि त्याने टकलावरून हात फिरवला.

"आमच्याही गावाला पाव देणाऱ्या पांदोने मला सांगितलं होतं, एका म्हातारीला आणलं म्हणून. मी नाव विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर?"

"तर बोललो नसतो. समोर बसणाऱ्याच्या आईवर कसं बोलणार?"

तिकडच्या रीतीप्रमाणे आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी विधी होता; ब्रेस्तोवोच्या स्मशानात थोडीच माणसं होती. धर्मगुरू प्रार्थना म्हणून गेले, उकडलेले गोड गहू वाटले गेले, मातीवर थोडी दारू ओतली गेली. स्तोयना काठी टेकत आली होती. सगळ्यांत मागे नाऊम टोपी हातात घेऊन उभा होता. कोणी त्याला ओळखलं नाही.

"रिस्तो," स्तोयना म्हणाली, "ते भाषण म्हण ना एकदा. तिला फार आवडलेलं."

"इथे?"

"मग कुठे? तिला आता दुसरीकडे कुठे नेणार?"

रिस्तोने मागे पाहिलं. नाऊमने हलकेच मान डोलावली.

रिस्तो उभा राहिला. सुरुवात अडखळत झाली, पण पुढे आवाज सापडला. विमानतळ झाला, सहा गावं झाली, दोन तासांची वाट झाली. पोत्यांपाशी आला आणि त्याला पुढचं आठवेना. बायका वाट बघत राहिल्या. मागून नाऊम खालच्या आवाजात म्हणाला, "ही बाई कोणाची तरी आई आहे, सभापती महोदय."

"ही बाई," रिस्तो म्हणाला, आणि वाक्य पूर्ण करायला त्याला बराच वेळ लागला.

बायकांनी डोळे पुसले. नंतर गव्हाची वाटी नाऊमच्या हातात देताना स्तोयनाने त्याला नीट न्याहाळलं.

"तुम्हाला पाठ होतं की. तुम्हीपण संसदेत का?"

"हो. यांच्या समोरच्या बाकावर."

"मग तुम्ही कधी बोलता का हो?"

नाऊमने वाटीतले गहू चमच्याने सारखे केले.

"नाही हो बाई," तो म्हणाला. "मला कुठे यांच्यासारखं जमतं."