शांबाबाची कंटिन्यूटी

शांबाबाच्या घरी गेलात, तर दारात चपला काढायच्या आणि उजव्या भिंतीला पाठ लावून, कुर्लीसारखं तिरकं चालत स्वयंपाकघर गाठायचं. पुढच्या खोलीत बसायचं नाही. मेजाला हात लावायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय हे तर त्याला मुळीच सांगायचं नाही. ‘हात लावू नको रे, कंटिन्यूटी जाता,’ एवढंच उत्तर मिळेल, तेही आपल्यालाच अक्कल नसल्यासारखं.

गोव्यात धारगळला हायवेला लागून माझं हार्डवेअरचं दुकान, आणि दुकानामागे शांबाबाचं घर. मुळगावकडच्या खाणीवर आयुष्यभर सुपरवायझरकी केलेला माणूस. सत्तरी ओलांडली, बायको सुमतीवहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी रेखा लग्न होऊन वाळपईला असते. माणूस एकटा, पण तोंड असं की दहा माणसं घरात असल्यासारखं वाटावं. आता अशा माणसाला हा कंटिन्यूटी शब्द कुठे सापडला, ते सांगतो.

यंदा शिमगा सरला आणि मुंबईहून सिनेमावाले आले. त्यांना टेरिलीनचे शर्ट, बेलबॉटम आणि रेडिओवरची गाणी असा जुना जमाना हवा होता. शांबाबाच्या घरात तो तयारच होता, कारण लग्नानंतर त्याने घरात काही बदललंच नव्हतं. जग त्याला कंजूष म्हणायचं. सिनेमावाल्यांनी त्याला कलाप्रेमी ठरवलं आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात.

सिनेमाची गोष्ट डोकं भंजाळणारी होती. एक देखणा नवरा संध्याकाळी घरी येतो, तर बायको नाही. कपात अर्धा चहा आहे, खुर्चीच्या पाठीवर साडी आहे, पण बाई गायब. ज्याला विचारावं तो म्हणतो, तुझं लग्न झालंच नव्हतं. मग नवऱ्याला हळूहळू स्वतःच्याच डोक्याचा संशय यायला लागतो. सगळं पिवळ्या उजेडात, सिगारेटच्या धुरात, फार झोकात चाललेलं.

शांबाबाने शूटिंग मध्येच थांबवून दिग्दर्शकाला सांगितलं की ही गोष्ट खोटी आहे. धारगळात कुणाची बायको नाहीशी झाली तर चहा उकळायच्या आत हायवेपर्यंत बातमी जाते. लग्न झालं होतं की नाही, हे सांगायला त्या लग्नात जेवून गेलेले सगळे धावत येतात, आणि जेवणात काय कमी पडलं होतं तेही सांगतात. दिग्दर्शक पोरगेला होता. त्याने हात जोडले आणि शांबाबाला बाहेर फणसाखाली खुर्ची टाकून दिली.

तिथून त्याने, प्रत्येक शॉटला वस्तू जशाच्या तशा राहतात ना हे बघणाऱ्या कंटिन्यूटीवाल्या मुलीला पाहिलं. एका शॉटमध्ये चहा अर्धा आणि दुसऱ्यात पाऊण झाला म्हणून तिने सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. शांबाब तिच्यावर बेहद्द खूश झाला. पुढे सिनेमावाले गेले, पण जाताना म्हणाले, एक तुकडा राहिलाय, पावसाआधी येऊन घेऊ, तोवर खोली अशीच ठेवा. झालं, माकडाच्या हाती कोलीत मिळालं.

गॅसवाल्याला सिलिंडर डोक्यावर घेऊन मागच्या चिखलातून फेरी पडायला लागली. पंचायतीला उभा राहिलेला एक उमेदवार चुकून त्या खुर्चीवर टेकला, तर मत तर गेलंच, वर चहाही मिळाला नाही म्हणून तो आम्हालाच बोल लावत गेला. रोज सकाळी शांबाब मेजावरच्या कपात ताजा चहा ओतायचा, मापून अर्धा. सगळ्या गावाने हसून घेतलं. मी तर दुकानात गिऱ्हाइकांना खास थांबवून हे ऐकवायचो.

पण मग चवथ जवळ आली आणि हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही. त्यांच्या घराण्याचा गणपती त्याच पुढच्या खोलीत बसतो. माटोळी बांधायची चौकट त्याच खोलीच्या तुळईला, फळं-भाज्या तिथेच टांगायची, आणि सगळं गोत त्या दिवशी तिथेच जमायचं. खोली रिकामी करून रंग द्यायला हवा होता. रेखाने फोनवर विषय काढला, तर शांबाब म्हणाला, सिनेमा अर्धा आहे, गणपतीला कळेल.

रेखा रडकुंडीला आली आणि तिने मला गळ घातली. मी सिनेमावाल्यांपैकी एकाला फोन लावला. तो म्हणाला, सिनेमा कधीच पुरा झाला, तो तुकडा गाळलाय. मला बरं वाटलं. आता म्हाताऱ्याची बोलती बंद, असं म्हणत मी तरातरा त्याच्या घरी गेलो, आणि तिरका न चालता सरळ खोलीच्या मधोमध उभा राहिलो. शांबाब, म्हटलं, कोणी येणार नाही. आवरा हे.

तो ओरडला नाही. खिडकीजवळ उभा होता, तिथूनच म्हणाला, ‘‘माका म्हायत आसा. त्यांचो फोन मे महिन्यातच इल्लो.’’

मग हे सोंग कशाला, असं विचारलं. तो बोलला ते माझ्याकडे न बघता.

‘‘सुमती गेली, तेव्हा रेखान तिचां सगळां पेटयेत भरून ठेवल्यान. माका त्रास जाव नये म्हणान. पोरीचा काय चुकला नाय. पण बायलेची साडी खुर्चेर रवांदे, असां बापाशीन कसां सांगूचां? सिनेमावाल्यांनी ती पेटी उघडली नि सगळां जाग्यार इलां. साडी, कप, तिचो चष्मो. आता सिनेमाचां म्हटलां की कोण कायेक विचारीत नाय.’’

इतके महिने मी खुर्चीवरची ती निळी साडी सिनेमावाल्यांची समजत होतो. त्या घरी मी शंभरदा जेवलोय, वहिनी ती नेसून वाढायच्या, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. मी बाहेर पडलो, आणि जाताना आपोआप भिंतीला धरून गेलो.

दुकानात येऊन रेखाला फोन केला. शूटिंग बाकी आहे, असं ठोकून द्यायचं ठरवलं होतं. पण तिने ‘काका, बाबा काय म्हणाले?’ असं विचारलं आणि मला खोटं बोलता येईना. सगळं सांगून टाकलं.

रेखा म्हणाली, ‘‘गणपती यंदा मधल्या खोलीत बसवूया. माटोळीला तिथे आकडे नाहीत, ते तुमच्या दुकानातले मारून घ्या.’’

बरं म्हणून मी फोन ठेवणार, तोच ती पुन्हा बोलली.

‘‘आणि काका, दुपारचं ऊन त्या खुर्चीवर येतं. निळा रंग लगेच विटतो. बाबांना सांगा, पडदा ओढून घ्या म्हणून.’’