स्वारगेटला लागलेला माझा फोटो

मी पंचावन्नाव्या वर्षी बाराखडी शिकले. तेव्हाच ठरवून टाकलं, आता माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, आणि विहिणीपुढं तर मुळीच नाही.

आमचा धाकटा विश्वजीत नागोयाला इंजिनिअर आहे. तिथलीच मुलगी त्यानं पसंत केली. एक दिवस फोनवर म्हणाला, "आई, मे महिन्यात मुलीची आई कॉलवर येणार आहे. तू नुसती हात जोडून बस. बाकी मी बोलतो."

माझं डोकंच फिरलं. मुलगा माझा, विहीण माझी, आणि मी सत्काराच्या नारळासारखी गप्प बसू?

"मीच बोलणार," मी म्हटलं. "तेही त्यांच्या भाषेत. त्यात काय एवढं!"

दुसऱ्याच दिवशी धायरीहून बस धरून सदाशिव पेठेतला जपानीचा वर्ग गाठला. शिकवणाऱ्या तेजस्विनीबाईंनी मला नऊवारीत बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, योगासनं खालच्या मजल्यावर."

"मला जपानी शिकायचंय."

"बसा मग. पंख्याखाली नको, तो बंद आहे."

भाषा मला आवडली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा. म्हणजे अर्धं मराठीच की. अडलं ते 'देसु'पाशी, म्हणजे आपलं 'आहे'.

"त्यातला उ गिळायचा, आजी. देस."

"लिहायचा आणि गिळायचा? लग्न झाल्यापासून शब्द गिळतेच आहे मी. आता कुठं बोलायला आले, तर इथंही गिळाच?"

"उ गिळा. बाकीचं घरी बोला."

मग नमस्कार शिकवला. हात जोडायचे नाहीत, कमरेत वाकायचं, नजर खाली. जन्मभर खुरपणी केलेली कंबर ती, मी अशी वाकले की वर्गातली पोरं बघत राहिली. बाईंनी लगेच फोटो काढला.

"हा कशाला?"

"ग्रुपवर टाकायला," बाई म्हणाल्या.

ग्रुपवर! पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे माझा संताप तुम्हाला समजेल. मला न विचारता या लोकांनी माझा फोटो खोलीएवढा करून स्वारगेटला लावला. मान खाली, डोळे मिटल्यासारखे. भोवती गुलाबी फुलांचा पाऊस. वर कुणालाही न वाचता येणारी जपानी अक्षरं, मधे माझं पूर्ण नाव. खाली छापलं होतं, 'सहासष्टाव्या वर्षीही शिकतात. प्रवेश सुरू.' पण नेमक्या त्याच ओळीवर कुणा नेत्याच्या भाच्यानं आपल्या वाढदिवसाचा फलक बांधला. आता मिटलेले डोळे, फुलं आणि नाव एवढंच उरलं, तर बघणाऱ्यानं काय समजायचं?

कॉलच्या दिवशी सकाळी माझी जाऊ शालू आणि दीर दत्तोबा खेड-शिवापूरहून बसनं स्वारगेटला उतरले. समोर मी. त्यांनी मला फोन लावला. तो बंद, कारण बॅटरी पुरावी म्हणून मीच रात्रीपासून बंद ठेवला होता. आमच्या ह्यांना फोनच नाही. शालूनं भर रस्त्यात हंबरडा फोडला आणि गावाकडून टेम्पोभर माणसं बोलावून घेतली.

इकडे मी ठेवणीतलं लुगडं नेसून, लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून बसलेली. पडद्यावर विश्वजीत, मुलगी आणि विहीणबाई. फार गोड बाई, चिएको त्यांचं नाव.

"हाजिमेमाश्ते. गोदाबाई देस." म्हणजे पहिलीच भेट, मी गोदाबाई. उ असा गिळला की विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. विश्वजीतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाहेर ओट्यावर आमचे हे पेपर वाचत होते. दत्तोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, कुठं हाय वहिनी?"

"आत. जपानच्या बाईशी बोलतेय."

दत्तोबांनी शालूकडे बघून मान हलवली. म्हणजे, दादांनी फारच मनाला लावून घेतलंय.

आत विहीणबाईंनी विचारलं, "ओगेन्की देस का?" म्हणजे बरं आहे ना? मी डोळे खाली करून कमरेत वाकले, आणि शालू दारात आली.

"अगं माझे बाय," ती कोसळलीच, "मला न सांगता गेलीस गं! बघा वो, कशी बसिवलीया!"

मी मान वर केली आणि बरी आहे म्हणून उत्तर दिलं, "गेन्की देस." विहिणीला दिलं होतं. शालूला वाटलं, तिला.

"दुसरंच कुणी बोलतंय तिच्यातनं," ती किंचाळली.

"शाले, जिती हाय मी," मी ओरडले.

त्यावर ती आणखीनच मोठ्यानं रडली आणि गळ्यात पडली. मागून टेम्पोतल्या बाया आल्या, त्याही पडल्या. बरणी कलंडली. फोन आडवा, आणि त्यातून विहीणबाई मान तिरकी करून बघतायत. मी बायांच्या गराड्यातून "गेन्की देस, गेन्की देस" म्हणत राहिले. माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

विश्वजीतनं कॉल तोडला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काय सांगितलंस रे त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, आमच्याकडे नवी सोयरीक जुळली की असंच गळ्यात पडून रडतात. मानाचं असतं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"त्यांना फार आवडलं. दिवाळीत पुण्याला येतायत. रोज सराव करतायत रडायचा."

माझ्या वतीनं बोललाच शेवटी!

मी तशीच वर्गात गेले. फलकाबद्दल तेजस्विनीबाईंना काय काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "फोटो छान आलाय पण."

"ते राहू द्या. 'रडू नका' कसं म्हणायचं तेवढं सांगा."

"नकार दुसऱ्या सत्रात असतो, आजी."

दुसऱ्या सत्राला नाव घालून आले.