विचारायचं ते मला विचारा

पद्माकर फडणीसने गाडी शिकायचं ठरवलं, त्याला कारण झाला एक कप चहा.

चहा होता त्यागीजींच्या घरचा. त्यागीजी म्हणजे गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी ट्रकने स्कूटर उडवली आणि तेव्हापासून पद्माकरचे पाय त्याच्याबरोबर असत, इतकंच; काम काही करत नसत. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे कानही जातात अशी लोकांची ठाम समजूत असावी. कारण त्यागीजींनी त्याच्या डोक्यावरून त्याच्या बायकोला, वीणाला, विचारलं, "भाभीजी, भाईसाहब चीनी लेते हैं?"

"मुझसे पूछिए!" पद्माकर कडाडला. "दो चम्मच!"

(डायबेटिसमुळे त्याची साखर बंद होती. पण प्रश्न तत्त्वाचा होता.)

तो पाकासारखा चहा संपवून घरी येताच त्याने जाहीर केलं, "मी कार चालवणार."

"कशाने?"

"हाताने. नाकाने चालवू का?"

दोन महिन्यांत ऑटोमॅटिक गाडी आली. उजव्या हाताला स्टीअरिंगवर एक गोल मूठ आणि डाव्या हाताला दांडी. दांडी ओढली की गाडी पळणार, ढकलली की ब्रेक, सोडून दिली की आपली हळूहळू सरकत राहणार. एवढं सोपं. पण पद्माकर पडला आईच्या वळणाचा. देऊळ दिसलं की त्याचे दोन्ही हात आपोआप जुळायचे, आणि गाझियाबादेत देवळांना तोटा नाही. पहिल्याच दिवशी हनुमान मंदिर दिसलं, हात जुळले, आणि गाडी स्वतःच्या मनाने गोलगप्पेवाल्याकडे निघाली. वीणाने हँडब्रेक ओढला तेव्हा बंपर आणि पुदिन्याच्या पाण्यात वीतभर अंतर उरलं होतं.

"मैडम, इनको गाड़ी क्यों दी?" गोलगप्पेवाला ओरडला.

"मुझसे पूछिए!" पद्माकर त्याहून मोठ्याने ओरडला.

"यापुढे नमस्कार मी करणार. दोघांचाही," वीणा म्हणाली. "तू फक्त ब्रेक सांभाळ."

लायसन्सची परीक्षा आणखी दोन महिन्यांनी आली, तीही नेमकी मंगळवारी, म्हणजे तिकडच्या मारुतीच्या वारी. वीणाला खाली उतरावं लागलं आणि तिच्या जागी इन्स्पेक्टर बसायला आला. बसण्याआधी त्याने तिलाच विचारलं, "मैडम, इनसे ब्रेक लगेगा?"

"मुझसे पूछिए. बैठिए, लगाके दिखाता हूँ."

आणि पहिल्याच वळणावर पद्माकरने ब्रेक असा दाखवला की इन्स्पेक्टरचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन बसला.

पुढे तेच हनुमान मंदिर. मंगळवारची गर्दी, घंटा, लाउडस्पीकर. इन्स्पेक्टरने हात जोडले. पद्माकरची बोटं शिवशिवू लागली. पण आज लायसन्स हुकलं तर जन्मभर कोणीतरी आपली साखर बायकोला विचारणार, या विचाराने त्याला असा काही संताप आला की त्याने दांडी आणखी घट्ट धरली. मारुतीराया, आज मनातल्या मनात चालवून घे, तो पुटपुटला.

"बजरंगबली को हाथ नहीं जोड़े?" इन्स्पेक्टर डोळे वटारून म्हणाला.

"जोड़ूँ? ब्रेक छोड़के?"

"अरे नहीं, नहीं, भाईसाहब!"

पास!

घरी परतताना पद्माकर हॉर्नसुद्धा ऐटीत वाजवत होता. शेजारी वीणा फोनवर पुण्याला सासूबाईंना बातमी देत होती. सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबली. वॉचमनने आडवा बांबू उचलला आणि चक्क पद्माकरच्या खिडकीत वाकून म्हणाला, "मुबारक हो, साहब!"

मैडम नाही, साहब! समोरच सोसायटीचं छोटंसं शंकराचं देऊळ होतं. दोन महिन्यांचे नमस्कार तुंबलेले. त्याने दोन्ही हात जोडले. मनापासून जोडले, म्हणून डोळेही मिटले.

गाडी हळूच पुढे सरकली. अगदी हळूच. पण मातीच्या कुंडीला तेवढं पुरलं.

कुंडी त्यागीजींची होती, फुलांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या गुलाबाची. ते बनियनवरच धावत आले. वॉचमन, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका, सगळे जमले. त्यागीजींनी खापऱ्या पाहिल्या, गुलाब पाहिला, आणि सवयीप्रमाणे पद्माकरच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, "भाभीजी, ये किसने किया?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच पद्माकरला हा प्रश्न योग्य व्यक्तीला विचारल्यासारखा वाटला. तोही मोठ्या आशेने वीणाकडे बघू लागला.

वीणाने फोन पर्समध्ये ठेवला, सीटबेल्ट सोडला आणि गोड हसून म्हणाली, "इनसे पूछिए."